पटावरचे मूल, पडद्यावरचे मूल

२०२३ च्या सप्टेंबरनंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या शाळांची कपाटे उघडली गेली. कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. तपासायच्या कागदांत महसुली दप्तराच्या जोडीने शाळांची जनरल रजिस्टरेही होती. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद वाचायला उर्दू आणि फारसी जाणणारे शोधावे लागले. राज्यभरात पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे पुढे सांगण्यात आले.

त्या शोधामागचे राजकारण आणि वाद आपण आज बाजूला ठेवू. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. सत्तर, ऐंशी, शंभर वर्षांपूर्वी कुणा मास्तरांनी शाईत टाक बुडवून एका मुलाचे नाव, जात आणि जन्मतारीख एका ओळीत लिहिली. ते मास्तर गेले, ते मूलही म्हातारे होऊन गेले. ओळ मात्र राहिली, आणि पणतवाच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न त्या ओळीपाशी येऊन उभा राहिला.

आज ही ओळ कागदावरून संगणकाच्या पडद्यावर गेली आहे. शिक्षणसंस्थांच्या कारभारातले नवे तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चकचकीत वर्ग आणि फळ्याच्या जागी पडदा येतो. पण तो शिकवण्याचा भाग झाला. कारभाराचा भाग कार्यालयात घडतो, आणि तिथे तंत्रज्ञानाने ज्या गोष्टीला हात घातला आहे ती आहे नोंद. म्हणून नोंद म्हणजे काय, ती पडद्यावर गेल्याने काय बदलले आणि कुणाचे भले झाले, हे सामान्य पालकालाही समजले पाहिजे. मी कविता लिहिणारा माणूस आहे, तंत्रज्ञ नाही. पण एक शब्द चुकल्याने काय होते ते जाणून घेण्याची ओढ मला आहे, आणि हा विषय शेवटी शब्दांचाच आहे.

कपाटातली शाळा

कुठल्याही शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट असते. त्यात हजेरीपट असतात, कीर्द असते, डेडस्टॉक रजिस्टर, आवक-जावक नोंदवही, पोषण आहाराचा हिशेब आणि पाहुण्यांचे शेरेबुक असते. या सगळ्यांत वडीलकीचा मान जनरल रजिस्टरचा. मूल शाळेत आले की त्याचा अनुक्रमांक या रजिस्टरात पडतो. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा हे सारे तिथे लिहिले जाते. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे या ओळीची नक्कल. पुढे जातीचा दाखला, पासपोर्ट, नोकरी, निवृत्ती यांतले बरेच काही त्या नकलेवर चालते.

म्हणूनच या ओळीला हात लावणे सोपे ठेवलेले नाही. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे नाव किंवा जन्मतारीख शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही, आणि विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर तर हे दार जवळजवळ बंदच होते. नियम कडक आहे, पण त्यामागे शहाणपण आहे. नोंद हवी तेव्हा बदलता आली, तर तिच्यावर भरवसा कोण ठेवील?

आकड्यापासून नावापर्यंत

संगणक शाळेच्या कारभारात आला तो आधी फक्त आकडे मोजायला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘डायस’ नावाची जिल्हानिहाय शैक्षणिक माहितीची पद्धत सुरू झाली. ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरून शाळा छापील फॉर्म भरायची. मुले किती, मुली किती, खोल्या किती, स्वच्छतागृह आहे की नाही. तो फॉर्म तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जाई आणि तिथे कुणीतरी तो संगणकात भरी. २०१२-१३ मध्ये प्राथमिक आणि माध्यमिक शाळांची माहिती एकत्र करून ‘यूडायस’ झाले. आज प्रत्येक शाळेच्या पाटीवर किंवा शिक्क्यात जो अकरा अंकी क्रमांक दिसतो तो हाच. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन तालुक्याचे, मग तीन गावाचे किंवा वॉर्डाचे आणि शेवटचे दोन त्या शाळेचे. पोस्टाच्या पत्त्यासारखीच ही रचना आहे.

इथपर्यंत संगणकाला मुलांची संख्या माहीत होती, मुले माहीत नव्हती. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ‘सरल’ प्रणाली आणली आणि प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद संगणकात गेली. केंद्राच्या यूडायसचे रूपही २०१८-१९ पासून बदलले आणि २०२२-२३ पासून तिथेही एकेका विद्यार्थ्याची माहिती भरली जाऊ लागली. मुलाला कायमचा शिक्षण क्रमांक मिळू लागला. त्यानंतर ‘अपार’ हा बारा अंकी क्रमांक आला. गुणपत्रके आणि प्रमाणपत्रे एका ठिकाणी जोडली जावीत हा त्यामागचा हेतू. त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते, आणि ती ऐच्छिक आहे हे अनेक पालकांना ठाऊकच नसते.

आकड्यांकडून नावांकडे जाणे हा मोठा बदल आहे. आकडा चुकला तर तक्ता चुकतो. नाव चुकले तर एक मूल अडते.

जे भले झाले ते

या बदलाची गरज का पडली, ते समजायला २०११ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी झाली. आधी नांदेड जिल्ह्यात असा प्रयोग झाला होता. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावण्यात आली. पटावर नावे होती, पण वर्गात मुले नव्हती, असा फरक राज्यात सुमारे वीस लाखांचा निघाला. त्यातली काही मुले त्या दिवसांत खरोखरच गैरहजर असतील. पण ती वजा करूनही जो आकडा उरत होता तो लाजिरवाणा होता. पटावर शिक्षकांची पदे ठरतात, अनुदान ठरते, तांदूळ ठरतो. नाव खोटे असले तरी त्या नावावर येणारा पैसा खरा होता.

कागदी कारभारात हे पकडणे अवघड होते, कारण एका शाळेचे रजिस्टर दुसऱ्या शाळेला दिसत नव्हते. संगणकाने नेमकी ही भिंत पाडली. एकाच मुलाचे नाव दोन ठिकाणी आले तर ते दिसू लागले. हा फायदा लहान नाही.

दुसरा फायदा प्रवेशाचा. मुंबईत २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. त्याआधी दहावीचा निकाल लागला की गुणपत्रकाच्या नकला काखोटीला मारून बाप आणि मुलगी कॉलेजमागून कॉलेज पालथे घालायची, प्रत्येक ठिकाणी फॉर्मचे पैसे भरायची, आणि कुणाची ओळख निघते का ते बघायची. यादी संगणकाने लावायला सुरुवात केल्यावर ओळखीची किंमत कमी झाली. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांची सोडतही अशीच निघते. ज्या शाळेच्या फाटकातून आत जायला आईबापाचे पाय कचरत, तिथे मुलाचे नाव सोडतीत लागते आणि संस्थाचालकाची चिठ्ठी लागत नाही. ज्याला कुणाचा वशिला नाही त्याच्या बाजूने हे यंत्र उभे राहिले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आता दुसरी बाजू.

तीन रकाने आणि एक जून

संगणकाच्या फॉर्मवर नावासाठी बहुधा तीन रकाने असतात. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. पुण्या-मुंबईच्या कारकुनी सवयीतून आलेली ही मांडणी आहे आणि बऱ्याच लोकांना ती सोयीची आहे. पण महाराष्ट्र मोठा आहे. मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात मुसलमान घरांत ‘शेख रहीम शेख करीम’ अशी नावे सर्रास असतात. आता यात आडनाव कोणते आणि ते पुढे लिहायचे की मागे? एका मास्तरांनी ‘रहीम करीम शेख’ लिहिले. आधार काढताना केंद्रावरच्या मुलाने घरच्यांनी सांगितले तसेच्या तसे ‘शेख रहीम शेख करीम’ भरले. माणूस एकच, पण संगणकाच्या दृष्टीने दोन. त्यातच ‘मोहम्मद’, ‘महंमद’, ‘मोहंमद’ आणि नुसते ‘मो.’ ही एकाच नावाची चार रूपे. कोकणातल्या मुसलमानांना गावावरून पडलेली आडनावे आहेत, त्यांचे रकाने नीट भरतात. मराठवाड्यातल्याचे भरत नाहीत.

हे फक्त मुसलमानांचेच दुखणे आहे असे समजू नका. विदर्भातला जाधव इंग्रजीत शेवटी ‘ओ’ लावतो, पश्चिम महाराष्ट्रातला ‘व्ही’ लावतो. भटक्या जमातींतल्या कितीतरी घरांत आडनाव म्हणून काय लिहायचे ते शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तरांनीच ठरवलेले असते. कुठे घरात हाक मारतात तेच नाव पटावर चढते. लग्न मोडलेल्या बाईच्या मुलाच्या मधल्या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न वेगळाच.

मराठीत नाव एका रूपात, इंग्रजीत दुसऱ्या रूपात, आणि दोन्हींची सांगड घालणारा कुणी नाही, ही या सगळ्या गोंधळाची मुळी आहे. कागदाच्या काळात दाखला बघणारा माणूस ‘शेख’ वाचायचा आणि पुढे जायचा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ए’ नंतर ‘आय’ आहे की ‘ई’ नंतर ‘आय’ आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. यंत्राला आहे. ते अक्षराला अक्षर लावून बघते, आणि एक जरी अक्षर जुळले नाही तर ‘जुळत नाही’ एवढेच सांगते.

जन्मतारखेची गोष्ट तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. महाराष्ट्रातल्या एका पिढीत १ जूनला जन्मलेले इतके लोक कसे, याचे कोडे कुणालाच पडत नाही. शाळा जूनमध्ये सुरू होत. आईबापांना तारीख ठाऊक नसे. मूल सहा वर्षांचे दिसते, तर लिहा एक जून. त्या एका सोयीमुळे दरवर्षी ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीच्या हारांचा ढीग पडतो. मास्तरांनी यात काही वाईट केले नाही. नोंद करायचीच होती आणि दुसरी तारीख मिळत नव्हती. पण यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. रजिस्टरातली ओळ म्हणजे त्या दिवशी कुणीतरी कुणाला विचारून, ऐकून, अंदाजाने लिहिलेले उत्तर. संगणक ते उत्तर क्षणात मुंबई-दिल्लीला पोचवतो. ते खरे होते की नव्हते, हे तपासणे त्याला येत नाही.

वर्गात आहे, नोंदीत नाही

२०११ मध्ये आपल्याला पटावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले सापडली. ती थांबवण्यासाठी मुलांच्या नोंदी आधारशी जोडण्याचे ठरले. त्यातून आता उलट प्रकार दिसू लागला आहे. मूल वर्गात बसलेले आहे, पाढे म्हणते आहे, पण त्याचे आधार नाही, किंवा आधारवरचे नाव शाळेच्या नावाशी जुळत नाही. २०२२-२३ च्या सुमारास संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेत शिक्षक किती हे ठरवण्यासाठी, आधार पडताळलेले विद्यार्थीच धरायचे असे धोरण आले, आणि राज्यभरातून मुख्याध्यापकांची ओरड झाली.

त्यांची ओरड का होती, ते एका साध्या हिशेबाने कळेल. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन शिक्षक सांगितले आहेत. राज्याच्या शासन निर्णयांनी पुढे या आकड्यांत फेरफार केले, पण रीत तीच राहिली. आता समजा एका वाडीच्या शाळेत एकसष्ट मुले आहेत आणि त्यातल्या एका मुलीचे नाव जुळत नाही. संगणकावर साठ दिसतात. त्या एका नावामुळे तिसऱ्या शिक्षकाचे पद धोक्यात येते. चूक एका अक्षराची असते आणि तिची झळ सगळ्या वर्गाला लागते.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळा प्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. तेव्हा मुलाला वर्गातून उठवता येत नाही. पण मोजणीतून ते गळले, तर त्याच्या वाट्याचा शिक्षक गळतो. कायदा दारावर पहारा देतो आणि गळती मागच्या खिडकीने होते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांचे तर आणखी अवघड. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या दिशेने निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. संगणकाच्या नियमाप्रमाणे मूल एका वेळी एकाच शाळेच्या नावावर असते. नव्या शाळेने मागणी करायची, जुन्या शाळेने ते नाव मोकळे करायचे, मग ते इकडे चढायचे. दोन नावे होऊ नयेत म्हणून हे ठीक आहे. पण जुनी शाळा पट घटेल म्हणून नाव सोडायला कां-कू करते, किंवा तिथल्या गुरुजींना नेटवर्क मिळत नाही, तोवर मुलाचा हंगाम निघून जातो. अशा मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड दिले जाते. मुलाने ते कार्ड घेऊन जायचे आणि जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे. बघा, हे कागदाचेच कार्ड, पण त्यात कल्पना नवी आहे. नोंद शाळेची नाही, मुलाची आहे आणि ती त्याच्याबरोबर चालली पाहिजे. तंत्रज्ञानाने हीच कल्पना उचलून पुढे न्यायला हवी.

भरतो कोण?

नवी प्रणाली आली की तिच्या उद्घाटनात एक प्रश्न कुणी विचारत नाही. ही माहिती भरणार कोण? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला कारकून नसतो. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, त्यातले एक गुरुजी मुख्याध्यापकाचे कामही बघतात. आज जेवणारी मुले किती ते रोज कळवायचे. विद्यार्थ्यांची माहिती, गणवेशाची, शिष्यवृत्तीची, परीक्षेच्या गुणांची माहिती. त्यातली अर्धी माहिती तीच ती, फक्त दरवेळी वेगळ्या संकेतस्थळावर. गुरुजी पडद्यापुढे बसतात तेव्हा एक वर्ग मोकळा असतो.

याच शिक्षकांनी या कामात केवढी कल्पकता दाखवली आहे, हेही सांगितले पाहिजे. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द गेल्या दहाएक वर्षांत रूढ झाला. निकालाचे तक्ते आपोआप तयार व्हावेत म्हणून शिक्षकांनी स्वतः एक्सेलच्या फाइली बनवल्या, त्यात मराठीतून सूचना घातल्या आणि एकमेकांना मोफत वाटल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, ती कल्पना बालभारतीच्या पुस्तकांपर्यंत पोचली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. गावच्या शाळेतून वर गेलेली कल्पना टिकली, कारण ज्याची अडचण होती त्यानेच उपाय काढला होता. वरून खाली येणाऱ्या प्रणालींचे मात्र बहुतेक वेळा उलट होते.

घाईचे मोल

त्याचे सर्वांत महाग उदाहरण २०१७ चे मुंबई विद्यापीठाचे. उत्तरपत्रिका स्कॅन करून परीक्षकांनी त्या संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, ही कल्पना मुळात चांगली होती. गुणांची बेरीज चुकत नाही, गठ्ठे वाहून न्यावे लागत नाहीत, परीक्षकाला उत्तरपत्रिका कुणाची ते कळत नाही. पण सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिकांसाठी ही पद्धत एकदम, पुरेशी चाचणी आणि परीक्षकांची तयारी न करता लागू केली गेली. स्कॅनिंग रेंगाळले, काही उत्तरपत्रिका सापडेनात. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. ज्यांचे पुढचे प्रवेश हुकले त्या मुलांचे वर्ष मात्र कुणी परत देऊ शकले नाही. अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, अकरावीचे प्रवेश प्रथमच संपूर्ण राज्यासाठी ऑनलाइन झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणीला नवी तारीख द्यावी लागली.

दुसरा धडा शालार्थचा. शिक्षकांचे पगार ज्या प्रणालीतून निघतात तिचे हे नाव. पगारातला वशिला आणि विलंब कमी व्हावा म्हणून ती आली. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले. नियुक्तीची कागदपत्रेच बनावट करून शेकडो जणांचे पगार काढल्याचा संशय होता. चौकशी सुरू झाली आणि अधिकाऱ्यांनाही अटक झाली. प्रणालीने काय केले? तिला जे दिले ते तिने खरे मानले. कुलूप कितीही नवे असो, किल्ली कुणाच्या हाती आहे हा प्रश्न जुनाच राहतो.

खरे नवे ते कोणते?

मग करायचे काय? संगणक फेकून कीर्द-खतावणीकडे परत जायचे? मुळीच नाही. वीस लाख खोट्या-खऱ्या नावांच्या त्या राज्यात कुणालाच परत जायचे नाही. पण नावीन्य म्हणजे नवे यंत्र, ही समजूत सोडली पाहिजे. शाळेच्या कारभारात मला नावीन्य म्हणावेसे वाटेल ते अगदी साधे आहे.

एक, माहिती एकदाच भरली जावी. मुलाची आई कोण, हे एकाच शासनाने गुरुजींना वर्षातून पाचदा विचारू नये. भरलेली माहिती एका खात्याने दुसऱ्याकडून मागून घ्यावी.

दोन, चूक दुरुस्त करण्याचा रस्ता चूक होण्याइतकाच सोपा असावा. आज नाव चुकायला एक क्षण पुरतो आणि सुधारायला पालकाची तीन दिवसांची मजुरी बुडते. आधार केंद्र म्हणते शाळेचा दाखला आणा, शाळा म्हणते आधारप्रमाणे करता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणा. तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी शाळा, आधार आणि शिक्षण विभाग एका टेबलाशी बसले, तर शेकडो नावे एका दिवसात जुळतील. आणि नाव जुळत नसेल, पण मूल समोर बसलेले असेल, तर ‘हे मूल आहे’ असे सहीनिशी सांगण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला असावा.

तीन, मुलांची माहिती जपावी. या नोंदीत जात आहे, धर्म आहे, अपंगत्व आहे, घरची स्थिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीला वेगळे संरक्षण दिले आहे. तरी आधार क्रमांकांसह मुलांच्या याद्या मोबाइलच्या गटांवर बिनदिक्कत फिरतात. कपाटाला कुलूप होते, तसे याद्यांनाही हवे.

चार, कागद फेकू नये. मोडीतली शंभर वर्षांपूर्वीची ओळ आपण २०२३ मध्ये वाचू शकलो, कारण कागद शिल्लक होता आणि लिपी जाणणारा माणूस सापडला. आजची प्रणाली दहा वर्षांनी बदलते, जुनी बंद होते, जुन्या फाइली नव्या यंत्रात उघडत नाहीत. वर्षातून एकदा पूर्ण पट छापून, सही-शिक्क्यानिशी बांधून ठेवण्याचा खर्च फार नाही.

आणि शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. २०१७ मध्ये आपल्या राज्यात संगणकीकृत सातबाऱ्याचे चावडीवाचन झाले. हस्तलिखित सातबारा संगणकात चढवताना चुका झाल्या असतील, तर त्या ज्याची जमीन त्यानेच ऐकून सांगाव्यात म्हणून गावोगाव उतारे वाचून दाखवले गेले. जमिनीसाठी आपण हे केले. मग मुलांसाठी का करू नये? जूनमध्ये पालकसभा होतेच. त्या दिवशी वर्गशिक्षकांनी पडद्यावरचे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख एकेका पालकाला वाचून दाखवावी, मराठीत आणि इंग्रजीत. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपल्या लेकीचे नाव कानाने ओळखता येते. जात-धर्माचा रकाना मात्र सभेत वाचू नये, बाजूला बोलावून दाखवावा. याला ना नवे सॉफ्टवेअर लागते ना निविदा.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर आपण एक करू शकतो. मूल शाळेत जात असेल, तर या महिन्यात एकदा शाळेत जा. गुरुजींना घाई नसेल अशा वेळी जा आणि विनंती करा, ‘आमच्या पोरीची नोंद जरा पडद्यावर दाखवता का?’ आधार कार्ड आणि जन्माचा दाखला बरोबर न्या आणि अक्षर न् अक्षर लावून बघा. मूल शाळेत असेपर्यंत ती ओळ सुधारता येते. शाळा सुटली की ते दार बंद होत जाते, आणि मग त्या ओळीतली चूकच त्याचे नाव होऊन बसते.